डिजिटल बॅज आणि वर्गाबाहेरचं शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं वाचनालयं, बचत गट, निसर्गमंडळं, मोफत सॉफ्टवेअर शिकवणारे गट आणि स्वतःच्या हिमतीवर शिकणारी माणसं यांच्यासाठी आहेत. आपल्या गटात बॅज सुरू करायचे असतील तर निकष आणि पुरावा यांवरचे प्रश्न आधी वाचा. सॉफ्टवेअरचा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला आहे.

डिजिटल बॅज म्हणजे नेमकं काय? मेलवर येणाऱ्या पीडीएफ प्रमाणपत्रापेक्षा तो वेगळा कसा?

दिसायला बॅज म्हणजे एक छोटं चित्र. त्या चित्राला माहिती जोडलेली असते: बॅज कोणी दिला, कोणाला दिला, कधी दिला, तो मिळवायला काय करून दाखवावं लागतं आणि या व्यक्तीने प्रत्यक्षात काय करून दाखवलं. पीडीएफवर नाव, शिक्का आणि सही असते, पण त्या माणसाला काय येतं हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. 'यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल' इथे मजकूर संपतो. शिवाय त्यावरचं नाव बदलायला फोनवरचं एखादं ॲप पुरतं.

बॅज पाहणाऱ्याला संस्थेत फोन करून विचारावं लागत नाही. बॅजवर क्लिक केलं की निकष दिसतात, पुरावा जोडला असेल तर तोही उघडून पाहता येतो.

ही माहिती चित्रात राहते कशी?

पीएनजी आणि एसव्हीजी या प्रकारच्या फायलींमध्ये चित्राखेरीज मजकूर ठेवायलाही जागा असते. 'ओपन बॅज' नावाचं एक खुलं मानक आहे. कोणती माहिती कोणत्या नावाखाली ठेवायची, हे त्यात ठरवून दिलेलं आहे. त्यामुळे एका सॉफ्टवेअरमध्ये तयार झालेला बॅज दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतो. बॅज ज्याला दिला त्याचा ईमेल पत्ता सहसा उघडा ठेवत नाहीत, त्याचं सांकेतिक रूप ठेवतात. पत्ता आधीपासून माहीत असलेल्याला तो जुळवून पाहता येतो, पण इतरांना बॅजवरून पत्ता सहज काढता येत नाही.

इथे आपल्याकडची एक रोजची अडचण सांगायला हवी. असा बॅज व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला, की व्हॉट्सॲप त्या चित्राचा आकार कमी करून नवी जेपीजी फाइल बनवतं आणि आतली माहिती गळून पडते. समोरच्याच्या फोनवर नुसतं चित्र पोचतं. स्क्रीनशॉटचंही तेच. बॅज पाठवायचा तर त्याची लिंक पाठवा, नाहीतर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. गटातल्या लोकांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

मग खोटा बॅज बनवता येणार नाही, असं समजायचं का?

चित्राची नक्कल कोणीही करू शकतं. तपासणी होते ती माहितीची, आणि त्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत बॅजची मूळ नोंद देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर असते आणि तपासणारं सॉफ्टवेअर तिथे जाऊन ती खरी आहे का ते पाहतं. दुसऱ्या पद्धतीत बॅजमधल्या माहितीवर संस्थेची डिजिटल सही असते, आणि एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही.

ही दुसरी पद्धत आपण सगळ्यांनी वापरलेली आहे. कोविड लशीच्या प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड याच तत्त्वावर चालत होता. त्यामागच्या 'डिव्हॉक' या मुक्त स्रोत (म्हणजे जिचा कोड कोणालाही पाहता-वापरता येतो अशा) प्रणालीने 'व्हेरिफायेबल क्रेडेन्शियल' हे जागतिक मानक वापरलं होतं, आणि ओपन बॅजची २०२४ मध्ये अंतिम झालेली ३.० ही आवृत्तीही त्याच मानकावर उभी आहे.

पण एक गोष्ट कोणतंही मानक तपासू शकत नाही. 'अखिल भारतीय' किंवा 'आंतरराष्ट्रीय' असं भारदस्त नाव घेऊन उद्या कोणीही बॅज वाटायला बसू शकतं. सॉफ्टवेअर एवढंच सांगेल, की हा बॅज खरोखर त्याच संस्थेने दिला आहे. त्या संस्थेच्या शब्दाला किती वजन द्यायचं, हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. ते ठरवायला निकष आणि पुरावा हीच दोन साधनं त्याच्या हातात असतात, म्हणून या पानावर त्यांना इतकी जागा दिली आहे.

ही कल्पना आली कुठून?

कौशल्यासाठी बॅज देण्याची पद्धत जुनी आहे. आपल्याकडे स्काउट-गाइडमध्ये प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशा पायऱ्या आणि त्यांच्या जोडीने दक्षता बॅज आहेतच. अमुक गाठी मारता येतात, प्रथमोपचार करता येतो, हे करून दाखवल्याशिवाय तो गणवेशावर लागत नाही.

डिजिटल रूपाची चर्चा २०१० मध्ये बार्सिलोनाला झालेल्या मोझिलाच्या 'ड्रमबीट' महोत्सवात जोर धरू लागली. फायरफॉक्स ब्राउझर बनवणारी हीच ती मोझिला. तिच्यासोबत 'पीअर टू पीअर युनिव्हर्सिटी' हा गट होता, जिथे लोक इंटरनेटवर एकमेकांना मोफत शिकवत होते. शिकणं तर होत होतं, पण शिकलेलं दाखवायचं कसं, हा प्रश्न उरत होता. १५ सप्टेंबर २०११ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे शिक्षणमंत्री आर्नी डंकन यांच्या उपस्थितीत मोझिला, मॅकआर्थर फाउंडेशन ही देणगी देणारी संस्था आणि हॅस्टॅक हे अभ्यासकांचं जाळं यांनी बॅजसाठीच्या स्पर्धेची घोषणा केली. मार्च २०१३ मध्ये ओपन बॅजची १.० आवृत्ती आली.

त्याच उन्हाळ्यात शिकागो शहराने जो प्रयोग केला, तो मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. सुट्टीत मुलं वाचनालयांत, संग्रहालयांत, बागांत, क्रीडाकेंद्रांत जे शिकतात त्यासाठी शहरभरातल्या संस्थांनी एकाच पद्धतीचे बॅज दिले. संग्रहालयात काय शिकलं हे शाळेला कळण्याचा एरवी काही मार्ग नसतो. तो तिथे तयार झाला.

२०१७ पासून या मानकाची जबाबदारी आयएमएस ग्लोबल या संस्थेकडे आहे, आता तिचं नाव 'वनएडटेक' आहे.

ज्याला काम येतं त्याचं कामच बोलतं. त्याला बॅज हवाच कशाला?

ज्या गावात तुम्हाला सगळे ओळखतात तिथे नको. अडचण गाव सोडल्यावर सुरू होते.

बचत गटाचे हिशोब सांभाळणाऱ्या एखाद्या ताई डोळ्यांपुढे आणा. दर महिन्याच्या बैठकीचं इतिवृत्त त्या लिहितात, रोख किर्द आणि कर्ज खातेवही ठेवतात, सभासदांची पासबुकं भरतात, व्याज काढतात, बँकेत जाऊन शिल्लक जुळवून आणतात. वर्षानुवर्षं हे त्या करत आल्या आहेत आणि गटातल्या एकीचाही पैसा कधी इकडचा तिकडे झालेला नाही. त्यांचं शिक्षण विचारलं तर उत्तर येतं, 'सातवी'. मुलाच्या नोकरीमुळे पुण्याला यावं लागलं आणि एखाद्या पतसंस्थेत किंवा दुकानात हिशोबाचं काम मागायला गेल्या, तर त्या 'सातवी'च ठरतात. त्यांच्या हातचं काम मागे, गावातल्या वह्यांमध्ये राहतं.

शेतकऱ्याच्या बांधावर शिकलेला कलम बांधणारा, ट्रकच्या गॅरेजमध्ये वाढलेला वेल्डर, आईकडून शिकून गोधडी शिवणारी बाई, रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघत संकेतस्थळं बनवायला शिकलेला मुलगा, यांची गोष्ट हीच. शाळेच्या बाहेर शिकलेलं कुठेच नोंदलं जात नाही, आणि नोंद नाही म्हणून ते नसल्यासारखं धरलं जातं. हा अन्याय आहे, आणि तो लाखो माणसांवर रोज होतो. बॅजने तो सगळा दूर होणार नाही, पण त्या ताईंना पुण्यातल्या अनोळखी माणसापुढे ठेवायला काहीतरी मिळेल: त्यांनी काय केलं, किती काळ केलं आणि ते कोणी तपासलं.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, गावकऱ्यांना खरोखर हवी असलेली वस्तू किंवा सेवा बनवायची आणि त्यातून विज्ञान समजून घ्यायचं, ही तिथली रीत. शाळा सुटलेल्या मुलांसाठीच्या तिथल्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या पदविकेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता मिळाली. मुलाने काय बनवलं याला तिथे महत्त्व होतं, आणि ते लिहून ठेवण्याची, मान्य करून घेण्याची खटपटही कोणीतरी केली होती. ती खटपट प्रत्येक गटाला झेपत नाही. बॅज त्यातला लहानसा भाग सोपा करतो.

बॅज दिले की मुलं बॅजसाठीच शिकतील आणि शिकण्यातला आनंद जाईल, अशी भीती वाटते.

ही भीती रास्त आहे आणि ती झटकून टाकू नये.

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या लहान मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, की चित्र काढलं तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं 'गुड प्लेअर' प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता नंतर तेच बक्षीस दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं, तेव्हा आधी आमिष दाखवलेल्या मुलांनी चित्रांवर घालवलेला वेळ इतरांच्या निम्म्यावर आला होता. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचा उत्साह मात्र टिकून होता. बॅजचं बोलणं सुरू झालं तेव्हा एमआयटीचे मिचेल रेझनिक यांनी नेमकी हीच शंका काढली. 'स्क्रॅच' ही मुलांची प्रोग्रामिंगची भाषा त्यांच्याच गटाने घडवली आहे.

यातून मी काही गोष्टी घेतल्या आहेत. लहान मुलांच्या मोकळ्या खेळाला, चित्रांना, गाण्यांना बॅज लावू नये. मोठ्यांच्या बाबतीतही 'बॅज मिळेल, या!' अशी जाहिरात करू नये. आधी काम होऊ द्यावं आणि मग जे झालं त्याची नोंद म्हणून बॅज द्यावा. कोणी किती बॅज मिळवले याची क्रमवारी तर कधीच लावू नये. शंभर बॅजवाल्याचं नाव भिंतीवर लागलं, की तीन बॅजवाली यायची थांबते.

बचत गटातल्या त्या ताईंना ही भीती लागू होत नाही. त्या हिशोब ठेवायला बक्षिसासाठी शिकलेल्या नाहीत, आणि बॅज मिळाला म्हणून ते काम सोडणारही नाहीत.

आमच्या कार्यशाळेला जे आले त्या सगळ्यांना बॅज द्यावा का?

नको. हजेरीसाठी साधं आभारपत्र पुरे. लॉकडाउनच्या काळात ऑनलाइन प्रश्नमंजुषा आणि वेबिनारच्या ई-प्रमाणपत्रांचा आपल्याकडे पूर आला होता. शिक्षकांच्या फोनमध्ये ती अजूनही डझनांनी पडलेली आहेत आणि त्यांपैकी कोणतं कशाचं, हे त्यांनाही सांगता येत नाही. भाग घेणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांना बदल्यात मिळालेल्या कागदाला वजन देण्याचं काम आयोजकांचं होतं.

निकष कसे लिहायचे?

बॅज देणाऱ्यांनी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. 'पक्ष्यांविषयी जाणीव निर्माण झाली', 'हिशोबाचं मूलभूत ज्ञान आहे' हे निकष नव्हेत, कारण ते पूर्ण झाले की नाही हे दोन माणसं दोन तऱ्हेने सांगतील. निकष वाचून अनोळखी माणसाला कळलं पाहिजे, की बॅजधारकाला उद्या कोणतं काम सोपवता येईल.

समजा, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या परिसरातल्या एखाद्या निसर्गमंडळाला 'पाणथळीचे पक्षी, पहिला टप्पा' असा बॅज द्यायचा आहे. त्याचे निकष असे लिहिता येतील:

'किमान ३ वेगवेगळ्या पाणवठ्यांवर, पावसाळा आणि हिवाळा या दोन्ही ऋतूंत मिळून १० नोंदी केल्या. प्रत्येक नोंद किमान १५ मिनिटांच्या निरीक्षणाची असून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. वंचक, टिबुकली, शेकाट्या, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी आणि चित्रबलाक यांसह २० पक्षी प्रत्यक्ष पाणवठ्यावर, पुस्तक न उघडता ओळखून दाखवले. गायबगळा आणि लहान बगळा यांच्यातला फरक चोच आणि पावलांच्या रंगावरून सांगितला. एका नवख्या व्यक्तीला सोबत नेऊन तिला ५ पक्षी ओळखायला शिकवले.'

यातल्या प्रत्येक वाक्याचं उत्तर 'झालं' किंवा 'झालं नाही' असंच येतं. लहान बगळ्याची चोच काळी आणि पावलं पिवळी, गायबगळ्याची चोच पिवळी. ज्याला हे सांगता आलं तो दोन्ही पक्षी नीट पाहून आला आहे. शेवटची अट मी आवर्जून घालतो. दुसऱ्याला शिकवताना आपल्याला किती येतं हे आपल्यालाही कळतं, आणि मंडळात एक नवा माणूस येतो.

बचत गटाच्या हिशोबासाठी अशाच रीतीने 'सलग १२ महिन्यांची रोख किर्द आणि कर्ज खातेवही लिहिली, प्रत्येक महिन्याची अखेरची शिल्लक बँक पासबुकाशी जुळली' असं लिहिता येईल. एका बॅजसाठी चार-पाच अटी पुरतात. दहा झाल्या तर समजा, त्यात दोन बॅज दडलेले आहेत.

निकष लिहून झाले, की ते काम उत्तम येणाऱ्या पण शाळा फार न शिकलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचून दाखवा. 'हे तर मी रोज करते' असं ती म्हणाली तर निकष बरोबर आहेत. तिला भाषाच कळली नाही, तर पुन्हा लिहा.

पुरावा म्हणून काय चालतं?

जे काम प्रत्यक्ष दिसतं ते सगळं. कलम बांधल्याच्या दिवसाचा आणि दोन महिन्यांनी फुटवा आल्याचा फोटो, वेल्डिंगच्या जोडाचा व्हिडिओ, विकिपीडियावरच्या संपादनांचा इतिहास, गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचा आपला कोड, गोधडीच्या टाक्यांचा जवळून काढलेला फोटो, ज्याच्यासाठी काम केलं त्या माणसाचं दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि तिथलं प्रत्येक संपादन तारखेसकट जपलेलं असतं. लेखन-संपादनाच्या बॅजला यापेक्षा चोख पुरावा शोधूनही सापडणार नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याकडून लेखी पुरावा मागू नका. बोलू द्या, करून दाखवू द्या.

काही गोष्टी मात्र पुराव्यात कधीच येऊ देऊ नयेत. बचत गटाच्या वहीचं पान जसंच्या तसं इंटरनेटवर टाकलं, तर कोणावर किती कर्ज आहे हे गावभर होईल. तिथे वही परीक्षकाने प्रत्यक्ष पाहावी आणि पुराव्यात फक्त 'अमुक तारखेला वह्या तपासल्या' असं लिहावं. आधार क्रमांक, घरचा पत्ता, मोबाइल नंबर नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, मुलांचे चेहरे असलेला पुरावा सार्वजनिक करू नये हे आपल्यालाही पटायला हवं.

तपासणार कोण? आमच्याकडे परीक्षक नाहीत.

ज्याला ते काम येतं तोच परीक्षक, त्याच्याकडे पदवी असायची गरज नाही. कलमाचा बॅज गावातल्या सर्वांत जाणत्या माळीकाकांनी तपासावा, आणि बॅजवर त्यांच्या संमतीने त्यांचं नाव आणि अनुभव लिहावा. दोघांनी मिळून तपासलं तर आणखी चांगलं, म्हणजे ओळखीपाळखीत बॅज गेल्याचा संशय राहत नाही. जवळच्या नात्यातल्या माणसाने तपासू नये, एवढा नियम पहिल्यापासून ठेवावा. आणि 'अजून नाही' म्हणायची वेळ आली तर नेमकं काय राहिलं ते सांगून पुन्हा यायला सांगावं. नापास असा शिक्का बॅजमध्ये नसतो. शाळेत ज्यांनी तो एकदा खाल्ला आहे, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

अशा बॅजला सरकारी मान्यता असते का? कॉलेजमध्ये क्रेडिट मिळतं का?

नुसत्या बॅजला नाही. कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

मान्यतेचा रस्ता वेगळा आहे आणि तो माहीत असावा. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक (म्हणजे क्रेडिट) आराखड्यात ३० तासांच्या अध्ययनाला १ क्रेडिट आणि वर्षाच्या १२०० तासांना ४० क्रेडिट असं गणित ठरलेलं आहे. शालेय, उच्च आणि कौशल्य शिक्षण एकाच मोजमापात यावं हा त्यामागचा विचार. ही क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी डिजिटल खात्यात जमा होतात, पण ती जमा करण्याचा अधिकार नोंदणीकृत संस्थांनाच असतो. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम परीक्षेसह पूर्ण केले तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठं ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्या मार्गाने मान्य करू शकतात. आणि शाळेबाहेर कौशल्य शिकलेल्यांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग' ही सोय होती. पूर्ण अभ्यासक्रम न करता, जे येतं त्याची चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळवायचं, अशी ती पद्धत.

या चाचण्यांना किंवा मुलाखतीला जाताना बॅजचा उपयोग होतो, कारण काय काय केलं याचा पुरावा एका जागी आणि तारीखवार जमलेला असतो. वेल्डरला दहा वर्षांचं काम आठवून सांगायची वेळ येत नाही.

नोकरी देणारे याकडे बघतात का?

सॉफ्टवेअर आणि क्लाउडच्या क्षेत्रात बघतात. मोठ्या कंपन्यांच्या प्रमाणपत्र-परीक्षांचे बॅज तिथे सर्रास दाखवले जातात. गावच्या वाचनालयाचा बॅज कोणी आपणहून शोधायला येणार नाही. तालुक्यातल्या पाच-सहा ठिकाणी, जिथे अशी माणसं लागतात, तिथे स्वतः जाऊन निकष दाखवा आणि विचारा: 'हे येणारा माणूस तुम्हाला हवा आहे का? यात काय कमी आहे?' निकष ठरवतानाच त्यांना बोलावलं तर त्याहून बरं. ज्याच्या सांगण्यावरून एखादी अट घातली, तो मालक त्या बॅजला नाकारत नाही.

इंग्रजी येत असेल तर घरबसल्या मोफत बॅज कुठे मिळवता येईल?

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं 'ओपनलर्न' हे संकेतस्थळ पाहा. तिथले बॅज असलेले अभ्यासक्रम साधारण २४ तासांचे असतात, ८ आठवड्यांत विभागलेले, पण आपल्या सवडीने करता येतात. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात चाचणी असते. गणिताची पुन्हा उजळणी करायची आहे, किंवा बरीच वर्षं शिक्षण सुटलं आहे, अशांसाठीचे अभ्यासक्रम तिथे चांगले आहेत. मराठीतून सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर मराठी ध्वनिफितींसह धडे आहेत. ते ऐकून एखादं काम पूर्ण करा आणि तुमच्या जवळच्या गटाला त्यावर बॅज द्यायला सांगा. शिकवणारा एक आणि तपासून बॅज देणारा दुसरा, असं चालतं. खुल्या शिक्षणात मला सर्वांत जास्त भावणारी सोय हीच आहे.

बॅजवरचा मजकूर मराठीत असू शकतो का?

हो, आणि असावाच. आतली माहिती युनिकोडमध्ये असते, त्यामुळे देवनागरीची अडचण येत नाही. चित्रावर मात्र जोडाक्षरं तुटत नाहीत ना, ते डाउनलोड केलेल्या फायलीत तपासा. बॅज राज्याबाहेर दाखवायची शक्यता असेल तर निकष मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत द्या. पण आधी मराठीत लिहा. उलट केलं की ज्यांच्यासाठी बॅज आहे त्यांनाच तो वाचता येत नाही.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? खर्च किती?

तुमच्याकडे मूडल हे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याचं सॉफ्टवेअर असेल तर वेगळं काही घ्यायला नको. २०१३ च्या २.५ आवृत्तीपासून त्यात बॅज देण्याची सोय आहे आणि मूडल मुक्त स्रोत आहे. नसेल तर ओपन बॅज मानक पाळणाऱ्या अनेक सेवा आहेत: फिनलंडची ओपन बॅज फॅक्टरी, कंपन्यांमध्ये वापरली जाणारी क्रेडली वगैरे. त्यांचे दर आणि मोफत मर्यादा बदलत असतात, म्हणून इथे आकडा लिहीत नाही. निवडताना दोनच गोष्टी पक्क्या विचारा: बॅज ओपन बॅज मानकात डाउनलोड करता येतो का, आणि सेवा सोडायची ठरवली तर आमच्या सगळ्या नोंदी आम्हाला परत मिळतील का. दोन्हीला स्पष्ट 'हो' मिळालं नाही तर पुढे जाऊ नका.

बॅज देणारी संस्था किंवा सेवाच बंद पडली तर?

हे घडतं. लोकांनी बॅज साठवायचे ते मोझिलाचं 'बॅकपॅक' २०१९ मध्ये बंद झालं आणि वापरणाऱ्यांना 'बॅजर' या दुसऱ्या सेवेकडे नेण्यात आलं. पुढे बॅजरही विकली गेली आणि तिचंही नाव बदललं. संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन तपासल्या जाणाऱ्या बॅजचं संकेतस्थळ गेलं, की तपासणी थांबते. सहीच्या पद्धतीचे बॅज जास्त टिकाऊ असतात, तरी सही तपासायला लागणारी संस्थेची सार्वजनिक किल्ली (सही जुळवून पाहण्याचा सर्वांसाठी खुला संकेत) कुठेतरी उपलब्ध असावी लागतेच.

शिकणाऱ्याने करायचं ते असं: बॅज मिळाला की मूळ फाइल डाउनलोड करून दोन जागी ठेवायची, निकषांचं पान पीडीएफ करून ठेवायचं, आणि पुराव्याचे मूळ फोटो-व्हिडिओ स्वतःकडे जपायचे. फोन हरवतो, म्हणून एक प्रत ईमेलमध्ये असू द्यावी. बॅजसाठी ईमेल देताना शाळेचा किंवा ऑफिसचा देऊ नये, तो पत्ता तिथून बाहेर पडलं की जातो. घरात एकच ईमेल सगळ्यांचा असेल तर बॅजच्या निमित्ताने त्या ताईंचा स्वतःचा काढून द्या, आणि पासवर्ड त्यांनाच ठरवू द्या.

देणाऱ्या गटाने दिलेल्या प्रत्येक बॅजची एक साधी नोंदवही कागदावरही ठेवावी: नाव, तारीख, कोणी तपासलं, काय पाहिलं. उद्या संकेतस्थळ बंद पडलं आणि कोणी विचारायला आलं, तर वही काढून उत्तर देता येईल.